न निवणारा दगड

१

आधीच सांगून टाकते, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. जे झालं त्याचे मी उपकारच मानते, आणि हे मी भरल्या पोटी, भर दुपारी, शुद्धीत बोलतेय. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई हबकलीय. हबकले होते, खोटं कशाला बोलू? पण हबकलेल्या माणसानं उपकार मानू नयेत असं कुठं लिहिलंय?

माझं काम दगडाचे काप करायचं. भूगर्भाच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं तेच करतेय. जमिनीत खोल भोक पाडतात आणि त्यातून मनगटाएवढ्या जाडीचे दगडी दांडे वर काढतात. त्यांना कोअर म्हणतात. लांबट पेट्यांमध्ये ते वरून खाली अशा क्रमानं लावून येतात. त्यातला तुकडा मी करवतीवर कापते, घासून गुळगुळीत करते, हॉटप्लेटवर सुकवते आणि रेझिननं काचेला चिकटवते. मग काचेवरचा दगड घासत घासत इतका पातळ करते, की त्यातून पलीकडचं दिसावं. वर्तमानपत्राचा कागदसुद्धा त्याच्यापुढे जाडजूड. कुठं थांबायचं ते हाताला कळतं. नाही कळलं तर सगळा दगड पुसून जातो आणि हातात नुसती काच राहते. माझ्या हातून तसं फार वर्षांत झालेलं नाही. ही फुशारकी मी मुद्दाम मारतेय, कारण लगेच माझी चूक सांगायची आहे.

आमच्याकडे एक नियम आहे. तुकडा कापला की आधी त्याच्या पाठीवर नंबर घालायचा, मग बाकी सगळं. कुठल्या भोकातला, किती मीटर खालचा, वरचं टोक कुठलं. नंबर नसला की तो दगड कुणाच्याच कामाचा नाही. कितीही देखणा असो, बेवारशी.

त्या मंगळवारी खोल बोअरच्या पेट्या आल्या होत्या, साडेचार किलोमीटर खालच्या. सकाळीच डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पाच तुकडे कापले, हॉटप्लेटवर मांडले, चार वाजता बटण बंद करून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट गार पडलेली. चार तुकडे गार. पाचवा कोमट.

मी तो उलटा केला तर पाठ कोरी. नंबरच नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! निदान काप बघून तरी खोली ओळखता येईल म्हणून घाईघाईनं त्याची एक चकती काढून काचेवर चढवली. अभ्रकाचे थर होते आणि मध्ये खसखशीएवढे लाल गार्नेटचे दाणे. असे दगड त्या बोअरमध्ये शेकडो मीटर पसरलेले, त्यातला हा कुठला, काही कळेना. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना सांगायला हवं होतं. मी काच खणात सरकवली, उरलेला तुकडा रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. तो गरम का, हे तेव्हा मला महत्त्वाचं वाटलंच नाही. लाज महत्त्वाची वाटली.

२

घरी हे खुर्चीत होते. हे म्हणजे आमचे हे, दुसरं कोण असणार! एकतीस वर्षं यांनी लाद्या कापल्या, ओटे घासले, पायऱ्या बसवल्या. यांच्या हातचे ओटे अजून लोकांच्या स्वयंपाकघरात चकाकतायत आणि त्यांची धूळ यांच्या छातीत बसलीय. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवलं होतं, फुप्फुसं कडक होत चालली आहेत. मंगळवारचा फोन त्याचाच होता. म्हणाले, "हे मागे फिरत नाही. फार तर सहा महिने. आराम वाटेल तेवढं करा." सहा महिने! दूधवाल्याला सांगावं तसं सांगितलं हो मेल्यानं.

खोकला कसा होता ते ज्यानं ऐकलं त्यालाच कळेल. सुरुवातीला घशात कुणीतरी खरवडल्यासारखं व्हायचं, मग खांदे उचलले जायचे, मग खिडकीची काच हलायची. पाठीवर हात फिरवायचा आणि वाट बघायची, एवढंच आपल्या हातात. आडवं होणं तर बंदच झालेलं. आठ महिने खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या. शेकायची रबरी पिशवी होती, ती नेमकी त्या दिवशी गळायला लागली.

"अहो, हे घ्या," मी रुमालातला तुकडा काढला. "कोमट आहे. शेक तरी मिळेल."

यांनी तो हातात घेतला, अंगठ्यानं चाचपला. दगड दिसला की यांचा चेहरा अजून उजळायचा. "भारी दगड आहे गं. पॉलिश घेईल." मग छातीवर ठेवला आणि हसले. "लोक काळजावर दगड ठेव म्हणतात, तू खरंच ठेवलास की."

"गप्प बसा. बोललात की ढास लागेल."

ढास लागली नाही. मी चहा टाकायला गेले, परत आले तर हे झोपलेले. साडेसहा वाजले होते, बाहेर अजून उजेड होता. साडेआठपर्यंत एकदाही खोकले नाहीत. मी स्वयंपाकघरात दार लोटून घेतलं आणि हमसाहमशी रडले. कुणाचे तरी आभार मानायचे होते, कुणाचे ते कळेना. शेवटी गॅसच्या शेगडीलाच हात जोडले.

३

दगड गरम का राहतो, याला माझ्याकडे रोज एक नवीन कारण असायचं. हॉटप्लेट बिघडलेली. यांच्या अंगाची ऊब. आतल्या अभ्रकात उष्णता अडकत असेल, मला काय कळतंय. एक दिवस सकाळी ठरवलं, आता छडा लावायचाच. दगड फ्रीजमध्ये ठेवला आणि कामाला गेले. संध्याकाळी दार उघडलं तर शेजारच्या पातेल्यातलं दूध नासलं होतं. आणि खुर्चीत हे कसनुसे होऊन बसलेले, ओठ निळे. मी धावत जाऊन दगड परत जागेवर ठेवला. दहा मिनिटांत रंग आला. त्यानंतर कारणं शोधायचा नाद सोडला. गुण येतोय ना? मग औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते कशाला वाचायचं!

गुण तर असा आला, की दृष्ट लागावी. दुसऱ्या आठवड्यात खोकला अर्ध्यावर. महिनाभरात प्राणवायूचं मशीन पलंगाखाली गेलं. सहा आठवड्यांनी तर घर इतकं शांत, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला पहिल्यांदा ऐकू आली. लेक दुसऱ्या गावी असते, तिचा रोज फोन. "आई, बाबा खरंच बरे आहेत की मला बरं वाटावं म्हणून सांगतेस?"

"तूच बोल."

हे फोन कानाशी धरायचे आणि सावकाश म्हणायचे, "त्रास नाही." आधी हे फोनवर लेकीची टिंगल करायचे, तिच्या स्वयंपाकावरून, तिच्या साहेबावरून. आता एवढंच, "त्रास नाही." मला वाटलं, आजारातून उठलेला माणूस आहे, शब्द जपून वापरतोय.

खुर्ची मात्र कुरकुरायला लागली. मग एका पायाखालची फरशी तडकली. जेवण तर चिमणीएवढं, आणि वजन? लेकीनं पाठवलेल्या काट्यावर यांना उभं केलं तर काटा शेवटाला जाऊन बसला तो परत यायचं नावच घेईना. "अहो, हवा खाताय की काय?" मी म्हटलं. हे हसले. हसू नेहमीचंच, पण चेहऱ्यावर यायला उशीर लागला आणि आल्यावर ते बराच वेळ तसंच राहिलं.

आणखी एक. माझ्या करवतीची खूण मी कुठंही ओळखीन. कापलेल्या बाजूवर बारीक कमानी उमटतात. त्या दगडावरच्या कमानी गेल्या होत्या. सपाट बाजू आता सपाट नव्हती, यांच्या बरगड्यांवर नीट बसेल अशी वाकली होती. दगड वाकत नाही हो. सव्वीस वर्षांत मी एकही वाकताना पाहिला नाही.

डॉक्टर घरी येऊन गेले. छातीवर नळी ठेवली, सरकवली, परत ठेवली. नळीचं टोक स्वतःच्या छातीला लावून बघितलं. "खरखर अजिबात नाही," म्हणाले. मग दोन बोटं छातीवर ठेवून वरून टकटक केलं, ते नेहमी करतात तसं. आवाज ऐकून त्यांनी हात झटकन मागे घेतला. मला म्हणाले, "छान आहे. काही द्यायला नको." जिन्यावरून उतरताना त्यांच्या पायांचा आवाज फार भरभर गेला. म्हटलं, गर्दीचा दवाखाना आहे, घाई असेल. मी गॅलरीतून त्यांना दोनदा "थँक्यू डॉक्टर" म्हणून ओरडले, त्यांनी वर बघितलं नाही.

४

आमच्या मॅडम वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण दगडांवर जीव. एका दुपारी काच शोधता शोधता त्यांनी माझा खण उघडला आणि ती बिननंबरची काच त्यांच्या हाती लागली.

"ही कुठली हो?"

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सांगितलं सगळं, म्हणजे दगड घरी नेल्याचं सोडून. त्या रागावल्या नाहीत, उलट हसल्या. "तुमच्या हातूनसुद्धा चूक होते म्हणजे! बरं झालं, मला जरा बरं वाटलं." मग त्या पेट्या बघायला गेल्या. कापलेल्या तुकड्याची जागा पेटीत रिकामी असणार, तिथं खोलीची खूण असणार, झालं काम. अर्ध्या तासानं परत आल्या त्या कपाळावर आठी घेऊन. "चार जागा रिकाम्या आहेत. चार तुकड्यांना नंबर आहेत. पाचवी जागाच नाही. त्या पेट्यांमधून पाचवा तुकडा निघालेलाच नाही."

"मोजायला चुकलं असेल," मी म्हटलं.

"दोनदा बघितलं." त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या आणि लगेच सगळं विसरल्या. "बाई, काय गार्नेट आहे हा! या, बघा."

मी बघितलं. खसखशीएवढे दाणे मी स्वतः घासले होते. आता काचेच्या मधोमध मिरीएवढा एक होता. दुसरी काच असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण कोपऱ्यातला टवका माझ्याच घाईचा होता.

"हा मूळचा चिखल बरं का," मॅडम सांगायला लागल्या. त्यांना सांगायला फार आवडतं, आणि मलाही ऐकायला. "समुद्राच्या तळाचा गाळ. गाडला गेला, खाली खाली गेला, वरून डोंगराएवढा दाब, खालून उष्णता. पण वितळला नाही. वितळला असता तर गोष्टच वेगळी. हा घट्टच राहिला आणि घट्ट राहूनच बदलला. कण न् कण जागच्या जागी नवा झाला. बाहेरून कुणी येत नाही, आतलं कुणी जात नाही, तरी आधीचं काही राहत नाही."

"काहीच नाही?"

"राहतं की. हा गार्नेट वाढतो ना, तेव्हा वाटेत येईल ते पोटात घेतो. आणि पोटात घेतलं ते जसंच्या तसं ठेवतो. ही आतली रेघ बघा, ही चिखलाच्या काळातली. बाहेर सगळं बदलून गेलं, हिला पत्ताच नाही."

"मग ती बाहेर काढता येते?"

"छे! दाणा फोडला की आतलंही गेलं." त्यांनी डोळा वर केला. "तुम्ही अशा काय घामाघूम झालात?"

५

रविवारी सकाळी मी यांची नखं कापायला बसले. गॅलरीत ऊन होतं, खाली कुणीतरी सायकलची चेन घासत होतं. यांचा हात मांडीवर घेतला तर माझा पाय मुंग्या येऊन बधीर झाला, इतका जड. गरमही. नेलकटर दाबलं तर दाबेना. दोन्ही हातांनी दाबलं तेव्हा तुकडा उडाला आणि खालच्या स्टीलच्या ताटलीत टणकन वाजला.

मी यांच्याकडे बघितलं. हे उन्हाकडे बघत होते, पापणी न हलवता.

दुसरी एखादी बाई देवाचा धावा करत बसली असती. मी तो तुकडा कागदाच्या पुडीत बांधला आणि सोमवारी कामावर घेऊन गेले. काय करणार, सव्वीस वर्षांची सवय. काही समजेनासं झालं की मी त्याचा काप करते.

काचेवर चिकटवला, घासला. नख घासताना जळका वास येतो. मला आला नाही. ओल्या दगडाचा आला. बोटांखाली तीच किरकिर, जी मी रोज ऐकते. पुरेसा पातळ झाल्यावर मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि प्रकाश गाळणाऱ्या दोन काचा आडव्या-उभ्या लावल्या. मग रंग उजळले. निळे, पिवळे, गुलाबी, थरावर थर, एकाच दिशेनं दाबून बसवलेले. मनाला समजावलं, नखसुद्धा असं चमकतं. मॅडमनी एकदा स्वतःचा केस ठेवून दाखवला होता, तोही चमकला होता. तेव्हा गप्प राहावं.

मग मध्ये एक काळा दाणा दिसला. कडा सरळ, कोपरे नीट. मी काच गोल फिरवली. बाकी सगळं उजळत-विझत होतं, तो मात्र काळाच. गार्नेट असाच वागतो, कसाही फिरवा. त्याच्या पोटात एक बारीक ठिपका होता, आणि तो ठिपका काळा नव्हता. भिंग वाढवलं. त्यात फिकट, वाकड्यातिकड्या रेघा होत्या, आणि त्यांच्यात अडकलेली लादीची करडी धूळ. यांच्या नखांत आयुष्यभर होती ती. किती घासली तरी जायची नाही, लग्नातही होती.

तो ठिपका म्हणजे माझा नवरा होता. बाकीचं काय होतं ते मला माहीत नाही.

६

अर्धी रजा टाकून घरी आले. दुपारचा एक वाजला असेल. जिना चढताना रोजची सवय म्हणून कान दिला, खोकल्याचा आवाज नाही. गेले दोन महिने ह्या शांततेला मी दारातच हात जोडत होते. आज हात जोडले नाहीत.

हे खुर्चीत, अंगावर ऊन. मी समोर स्टूल घेऊन बसले आणि यांच्या छातीकडे बघत राहिले. घड्याळाचा काटा पूर्ण एक फेरा फिरला. मग दुसरा. सदऱ्याची एक सुरकुतीसुद्धा हलली नाही. चष्मा काढून यांच्या नाकाखाली धरला, काच स्वच्छ.

खोकला थांबला म्हणून मी किती आनंदले होते! श्वास थांबला होता म्हणून खोकला थांबला होता. कधी, कुठल्या दिवशी, मला पत्ता नाही. मी त्या दिवशी बहुतेक शेगडीला हात जोडत असेन.

"अहो," मी म्हटलं. "दगड काढू का?"

मान सावकाश वळली. डोळे यांचेच, त्यांत माया होती, ते मी शपथेवर सांगीन. "नको. त्रास नाही."

सदऱ्याची बटणं मी काढली. दगडाची कड शोधायला बोट फिरवलं. गळ्यापर्यंत गेलं, कमरेपर्यंत आलं. कड मिळाली नाही.

मी उठले. कपाटातून यांचीच छिन्नी आणि हातोडा काढला. डोकं शांत होतं. छातीच्या मधोमध छिन्नी टेकवली. हे माझ्याकडे बघत होते, हसत, न घाबरता, आपल्या बायकोकडे बघावं तसे. त्यांनी हात उचलून मला अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं झालं असतं, मी मारला असता घाव.

मग छिन्नीतून माझ्या मुठीला काहीतरी जाणवलं. बारीक थरथर. मी हातोडा खाली ठेवला, वाकले आणि छातीला कान लावला.

आधी काही नव्हतं. मग खूप खालून, माणसाच्या छातीत जेवढी जागा असते त्याच्या कितीतरी खालून, खरवडल्यासारखा आवाज आला. मग खांदे उचलले गेल्यासारखा एक खंड. आणि मग खोकला. यांचा खोकला, जसाच्या तसा, एक उसळी कमी नाही की जास्त नाही. मध्ये दम लागलेला, मग पुन्हा. दोन महिने तो तिथं चालूच होता. मी बाहेर गॅलरीत उभी राहून डॉक्टरांना थँक्यू म्हणत होते तेव्हाही.

मी यांच्या पाठीवर हात फिरवायला लागले, वेड्यासारखा. पाठ गरम, टणक. तिथून काय पोचणार आत?

ढास ओसरली. आणि त्या तळातून, दमलेल्या, चिडक्या, माझ्या ओळखीच्या आवाजात शब्द आले. "अगं, पाणी दे."

मी धावत जाऊन पेला भरून आणला. यांच्या ओठांशी धरला.

खुर्चीतल्यांनी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. फार प्रेमानं. म्हणाले, "मला तहान नाही."

७

फोडलं तर आतलंही जातं, हे मॅडमनी सांगितलं होतं. म्हणून छिन्नी परत कपाटात ठेवली. तुम्ही काय केलं असतं ते मला सांगू नका. तुमचं माणूस तिथं नव्हतं.

पेला अजून माझ्या हातातच होता. आतून पुन्हा हाक आली, तशी काय सुचलं कोण जाणे, मी पेला वाकडा केला आणि पाणी यांच्या छातीवर ओतलं. एक थेंब खाली ओघळला नाही. फरशी कोरडी, सदरा कोरडा. मी कान लावला. खाली कुठंतरी घोट घेतल्याचा आवाज झाला, एक, दोन, तीन. त्यानंतर सुस्कारा. खोकला थांबला तो पाऊण तास थांबला.

आता तोच माझा दिवस. सकाळी कामावर जाण्याआधी, दुपारी येऊन, संध्याकाळी दोनदा. पाणी ओतते, कान लावते, ऑफिसातल्या गमती सांगते. मॅडमचं लग्न ठरलंय, ते सांगितलं तर आतून "बरं झालं" आलं. खुर्चीतले पण ऐकतात, मान डोलावतात, कुणाचंच वाईट चिंतत नाहीत. त्यांच्यावर मला राग धरता येत नाही. डॉक्टरांचे सहा महिने कधीच उलटले आणि माझा नवरा अजून माझ्याकडे पाणी मागतो. किती जणींच्या नशिबी असतं हे? ज्यानं ठेवून घेतलंय त्याचे उपकार मी मानते. तो कोण, कुठून आला, ते मी विचारत नाही. विचारलं आणि उत्तर मिळालं तर काय करू?

लेक म्हणते, सुट्टी काढून येते, बाबांना बघते. मी तिला म्हटलंय, इतक्यात नको. तिला बाबांच्या गळ्यात पडायची सवय आहे, तेव्हा तिचा कान नेमका छातीवर येतो.

परवा रविवारी पाणी ओतलं, नेहमीसारखे तीन घोट ऐकले. मी कान काढणार, तेवढ्यात चौथा घोट ऐकू आला, जरा बाजूनं. मग एक खोकला, बारीक, कुणा अनोळखी बाईमाणसाचा. मी कान आणखी घट्ट टेकवला. आत हे कुणाशी तरी बोलत होते, हळू आवाजात, धीर देत. मला फक्त शेवटचं कळलं.

"थोडं थोडं पी," हे तिला म्हणत होते. "ती अजून आणेल. फार चांगली आहे."

मी उठले आणि दुसरा पेला भरला.